मिटलेलं जनुक आणि सिकलसेलची गोळी

१९५६ साली बंगळुरूहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी आणि जी. एन. व्यास हे त्याचे लेखक. पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींच्या रक्तात सिकलसेलचा गुण आढळतो, हे त्यात नोंदवलं होतं. संघवी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम करत. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत मानवी आनुवंशिकतेचा अभ्यास करणारा एक विभागही होता. कर्करोगासाठी काढलेल्या संस्थेनं आदिवासींच्या रक्ताकडे वळावं, हा त्या वेळी निव्वळ योगायोग वाटावा असा मामला होता. पुढच्या सत्तर वर्षांत मात्र हे दोन विषय एकमेकांत गुंतत गेले. कर्करोगावर शोधलेली औषधं सिकलसेलवर वापरून पाहिली गेली, सिकलसेलच्या रुग्णांनी शिकवलेल्या गोष्टी कर्करोगाच्या कामी आल्या, आणि या येरझारीतून पालघर जिल्ह्यातल्या कासा, तलासरी, डहाणूच्या रुग्णांपर्यंत एक स्वस्त कॅप्सूल येऊन पोचली. ती कशी आली आणि कोणती औषधं वाटेतच दुसरीकडे वळली, याचा हा इतिहास.

तो काळ डहाणू-तलासरीसाठी साधा नव्हता. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारली एकत्र आले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबारही झाला. जमीन, मजुरी आणि माणूस म्हणून जगण्याचा हक्क एवढ्यासाठीच जीव पणाला लागत असताना अंगातल्या एखाद्या आनुवंशिक आजाराला कुणी नाव द्यावं, ही अपेक्षाच नव्हती. पोर फिकट दिसतं, सांधे सुजतात, थंडीत हाडं ठणकतात, पोटात पाणथरी मोठी होते आणि वयात येण्याआधीच ते जातं. हे सगळं घरोघरी माहीत होतं, पण त्यामागे एकच कारण आहे हे माहीत नव्हतं.

भारतात हा गुण पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ साली. हर्मन लेमन आणि मारी कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींमध्ये दिसला, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही तो सापडला. परळचं टिपण १९५६ चं. १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारताबद्दल लिहिलं. १९६२ मध्ये परळच्या गटानं गुजरातच्या आदिवासी जमातींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तलासरीपासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे आणि धोडिया, दुबळा यांची घरं दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे त्या अभ्यासात आपल्या भागाचाही विषय होता असं म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्रभर हिंडून आदिवासी पाड्यांवर रक्त तपासण्याचं काम नंतर पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर केलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्यात राज्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचं प्रमाण, वाहक आणि ग्रस्त दोन्ही धरून, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास दिलं आहे. काही जमातींत ते त्याच्या कितीतरी वर जातं. २०१९ मध्ये काटे यांना पद्मश्री मिळाली.

हा गुण जंगलपट्ट्यातच का टिकला, याचं उत्तर मलेरियात आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक मिळालं तर माणूस 'वाहक' होतो. तो सहसा आजारी पडत नाही आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून हे दाखवलं. दोघांकडूनही जनुक आलं तर मात्र मूल 'ग्रस्त' जन्मतं. डासांच्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या वाहक तगत गेले आणि त्यांच्याबरोबर जनुकही तगलं. मलेरिया मागे हटला तरी जनुक राहिलंच.

आता थोडं मागं जाऊ या. १९०४ साली शिकागोत दंतवैद्यकी शिकणारा ग्रेनाडाचा वॉल्टर क्लेमंट नोएल दवाखान्यात आला. त्याच्या रक्तात कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या पेशी होत्या. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष पेशीत नसून पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत दाखवता येतं हे तेव्हा प्रथमच सिद्ध झालं. १९५६ मध्ये, म्हणजे परळचं टिपण छापलं गेलं त्याच वर्षी, केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी तो दोष आणखी बारकाईनं सांगितला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. एवढ्या एका बदलानं ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार करतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि वेदनांचा झटका येतो. आरोग्य कर्मचारी आणि रुग्ण दोघंही त्याला 'क्रायसिस' म्हणतात.

इनग्रॅम यांचं नाव लक्षात ठेवा. वीस वर्षांनी ते या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, आणि अगदी वेगळ्या दारानं.

या मालिकेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते निरीक्षण मात्र एका बालरोगतज्ज्ञ बाईंचं आहे. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये लिहिलं, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारच कमी असतात आणि आजार काही महिन्यांनंतर डोकं वर काढतो. त्यांचा तर्क असा, की पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि तेच बाळाला वाचवतं. तो तर्क खरा ठरला. गर्भात आपण गॅमा साखळी असलेलं हिमोग्लोबिन बनवतो. जन्मानंतर सहा महिन्यांत ते मागं पडतं, बीटा साखळी पुढे येते आणि मोठ्या माणसात गर्भाचं हिमोग्लोबिन जेमतेम एखादा टक्का उरतं. सिकलचा दोष बीटा साखळीत आहे, गॅमात नाही. म्हणजे प्रत्येक ग्रस्त माणसाच्या अंगात निर्दोष हिमोग्लोबिन बनवायचं जनुक जन्मापासून शाबूत असतं, फक्त ते मिटलेलं असतं.

वरोर हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात मासेमारीइतकाच डायमेकिंगचा, म्हणजे दागिन्यांचे साचे घडवण्याचा घरगुती धंदा रुजलेला आहे. तिथल्या कारागिराला ही अडचण लगेच कळेल. रोजच्या वापरातल्या डायला खोट आली आहे आणि तिच्यातून निघणारा प्रत्येक नग सदोष येतो आहे. पण पहिल्या काळात वापरलेली, अगदी तसाच नग काढणारी जुनी डाय घरातच कपाटात बंद करून ठेवली आहे. खोट आलेली डाय दुरुस्त करण्यापेक्षा जुनी बाहेर काढणं सोपं. वैद्यकापुढचा प्रश्न एवढाच होता, की कपाट कुणी बंद केलं आणि ते उघडायचं कसं.

पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. डीएनए आणि प्रथिनं मिळून जे बनतं त्याला क्रोमॅटिन म्हणतात. जिथं क्रोमॅटिन घट्ट आवळलेलं असतं तिथली जनुकं वाचली जात नाहीत. हा आवळ कमीजास्त करणारी दोन मोठी साधनं आहेत. काही विकरं डीएनएवर मिथाइलची खूण ठेवतात, आणि बहुतेक वेळा ती खूण म्हणजे 'हे जनुक बंद'. दुसरी विकरं हिस्टोनवर ॲसिटाइल लावतात किंवा काढतात. लावलं की क्रोमॅटिन सैल पडतं, काढलं की आवळतं. ॲसिटाइलचा आणि जनुक वाचण्याचा संबंध असावा हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं. मिथाइलची खूण ठेवणाऱ्या विकराला अडवलं, किंवा ॲसिटाइल काढणाऱ्याला अडवलं, तर मिटलेलं जनुक उघडेल का? सत्तरच्या दशकात हा प्रश्न कागदावर होता. त्याचं उत्तर देणारी रसायनं मात्र आधीच तयार होऊन बाटल्यांत पडून होती, वेगळ्याच कामासाठी.

पहिलं रसायन ॲझासायटिडीन. १९६४ साली प्रागमध्ये आलॉइस पिस्काला आणि फ्रान्तिशेक शोर्म यांनी ते कर्करोगाविरुद्ध बनवलं. डीएनएच्या एका घटकासारखं दिसणारं हे रसायन पेशीत शिरतं आणि विभाजनात गोंधळ घालतं, म्हणून ते रक्ताच्या कर्करोगावर वापरून पाहिलं गेलं. ते विषारी होतं आणि त्यातून फार यशही येत नव्हतं. १९७७ मध्ये पीटर जोन्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणपेशींवर त्याचा थोडासा वापर केला. काही आठवड्यांनी बशीत स्नायूंचे तंतू तयार झाले आणि ते आकसू लागले. ज्या पेशींनी कधी स्नायू बनवला नसता, त्यांनी तो बनवला. १९८० मध्ये जोन्स आणि शर्ली टेलर यांनी कारण शोधलं. हे रसायन डीएनएवर मिथाइल ठेवणाऱ्या विकराला अडकवून निकामी करतं, खुणा पुसल्या जातात आणि मिटलेली जनुकं उघडतात. क्रोमॅटिनच्या कारभारात हात घालणारं पहिलं औषध कसं काम करतं हे असं उलगडलं.

त्याच वर्षी लेक्स व्हान डर प्लूख आणि रिचर्ड फ्लॅव्हेल यांनी दाखवलं, की जिथं गॅमा जनुक चालू असतं तिथं त्याच्यावर मिथाइलच्या खुणा कमी आणि जिथं बंद तिथं जास्त असतात. धागे जुळले. शिकागोत जोसेफ डिसिमोन आणि पॉल हेलर बबून माकडांवर काम करत होते. बबूनांचं रक्त काढून त्यांना पांडुरोगी केलं की त्यांच्यात गर्भाचं हिमोग्लोबिन थोडं वाढतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी अशा बबूनांना ॲझासायटिडीन दिलं आणि गर्भाचं हिमोग्लोबिन प्रचंड वाढलं. १९८२ मध्ये ते छापून आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस टिमोथी ले, आर्थर निएनहाउस आणि सहकाऱ्यांनी बीटा थॅलसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या एका रुग्णाला सात दिवस हे औषध दिल्याची हकिकत प्रसिद्ध केली. गॅमा साखळीचं उत्पादन सुमारे सातपट झालं होतं. माणसाच्या अंगात मिटलेलं जनुक औषधानं मुद्दाम उघडल्याची ही पहिली नोंद. लगेच १९८३ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवरही तेच झालं. वॉटसन यांच्या निरीक्षणाला चौतीस वर्षं होऊन गेली होती.

आणि इथंच वाद पेटला. ॲझासायटिडीन कर्करोग्यासाठी एक वेळ चालेल, पण तरुण सिकलसेल रुग्णाला आयुष्यभर द्यायचं तर उद्या त्यालाच कर्करोग झाला तर? शिवाय जॉर्ज स्टामाटोयानोपुलोस आणि इतरांनी मुळावरच बोट ठेवलं. गर्भाचं हिमोग्लोबिन वाढतं ते मिथाइल पुसल्यामुळं नसेलच कदाचित. हे पेशीमारक औषध आहे, त्याच्या माऱ्यानं अस्थिमज्जेत पेशींची नवी घाई सुरू होत असेल आणि त्या घाईत तयार होणाऱ्या पेशी बाळासारखं हिमोग्लोबिन बनवत असतील. ही शंका तपासायची तर मिथाइलशी काही संबंध नसलेलं दुसरं पेशीमारक औषध देऊन पाहायला हवं होतं.

असं एक औषध होतं: हायड्रॉक्सीयुरिया. ते १८६९ सालीच जर्मनीत बनवलं गेलं होतं आणि रक्ताच्या कर्करोगात वापरात होतं. डीएनएचे घटक तयार करणारं एक विकर ते रोखतं, क्रोमॅटिनच्या खुणांना थेट हात लावत नाही. १९८४ मध्ये बॉस्टनच्या डेव्हिड नेथन यांच्या गटानं ते माकडांना देऊन पाहिलं आणि गर्भाचं हिमोग्लोबिन वाढलं. त्याच वर्षी ओरा प्लॅट यांनी सिकलसेल रुग्णांतही तेच दाखवलं. शंका पूर्णपणे खरी ठरली असं आज कुणी म्हणणार नाही, ॲझासायटिडीन मिथाइल पुसूनही काम करतंच. पण एका आक्षेपाची तपासणी करायला घेतलेलं औषध स्वतःच उपाय निघालं. ते तोंडानं घेता येत होतं, स्वस्त होतं आणि डॉक्टरांच्या ओळखीचं होतं. सॅम्युएल शराश यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडात २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. लाभ इतका स्पष्ट दिसला, की १९९५ च्या सुरुवातीला ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. वर्षाला साडेचार क्रायसिसच्या जागी अडीच, असा मधल्या आकड्यातला फरक होता. १९९८ मध्ये अमेरिकेनं प्रौढांसाठी या औषधाला मान्यता दिली.

दुसऱ्या साधनाची, म्हणजे ॲसिटाइलची वाट आणखी आडवळणाची. न्यूयॉर्कमध्ये शार्लट फ्रेंड यांना १९७१ मध्ये दिसलं, की उंदरातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना साधं डीएमएसओ हे द्रावक लावलं की त्या वाढायच्या थांबतात आणि हिमोग्लोबिन बनवायला लागतात. कर्करोगाची पेशी मारण्याऐवजी तिला शहाणी करता येते ही कल्पना तिथून आली. त्याच पेशींवर १९७७ मध्ये ब्युटिरेट लावून पाहणाऱ्यांत व्हर्नन इनग्रॅम होते. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधला दोष शोधणारे तेच इनग्रॅम. त्यांच्या गटाला दिसलं, की ब्युटिरेटनं हिस्टोनवर ॲसिटाइल साचतं. ब्युटिरेट ॲसिटाइल काढणाऱ्या विकराला अडवतं हे पुढे इतरांनी स्पष्ट केलं. या विकरांचं छोटं नाव एचडीएसी, आणि त्यांना रोखणारी औषधं ती एचडीएसी-रोधक.

मग सुझन पेरिन यांनी १९८५ मध्ये एक सुंदर गोष्ट टिपली. मधुमेही आयांच्या बाळांत गर्भाचं हिमोग्लोबिन मागं पडायला उशीर होतो, आणि अशा बाळांच्या रक्तात ब्युटिरेटशी नातं असलेलं एक आम्ल जास्त असतं. १९९३ मध्ये त्यांनी तीन सिकलसेल आणि तीन थॅलसेमियाच्या रुग्णांना आर्जिनिन ब्युटिरेट शिरेतून दिलं आणि सगळ्यांमध्ये गॅमाचं उत्पादन वाढलं. आशा मोठी होती. १९९५ मधल्या पुढच्या चाचणीत मात्र सलग औषध देऊनही रुग्णांना उपयोग झाला नाही. १९९९ मध्ये खंड देत दिल्यावर बऱ्याच जणांना फायदा दिसला, तरी दर काही आठवड्यांनी शिरेतून घ्यायचं औषध खेड्यात कोण आणि कसं देणार? ब्युटिरेट तिथंच मागं पडलं.

ही औषधं वाया गेली नाहीत, ती कर्करोगाकडे परत गेली. फ्रेंड यांच्या पेशींपासून सुरुवात करून पॉल मार्क्स आणि रसायनतज्ज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी तीन दशकांत व्होरिनोस्टॅट बनवलं. त्वचेच्या एका लिम्फोमासाठी त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि ते पहिलं अधिकृत एचडीएसी-रोधक ठरलं. मज्जेच्या एमडीएस या विकारासाठी ॲझासायटिडीनला २००४ मध्ये आणि त्याच्या भावंडाला, डेसिटाबिनला, २००६ मध्ये मान्यता मिळाली. चाळीस वर्षांनी प्रागच्या रसायनाला घर मिळालं, ते कमी मात्रेत आणि पेशी मारण्यापेक्षा जनुकं उघडण्यासाठी. आपल्याकडेही हा धागा आहे. परळची ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली, २००२ मध्ये खारघरला ॲक्ट्रेक म्हणून नव्यानं उभी राहिली, आणि तिथं संजय गुप्ता यांची प्रयोगशाळा हिस्टोनवर काम करते. जठराच्या कर्करोगाच्या पेशींना आधी एचडीएसी-रोधक देऊन क्रोमॅटिन सैल केलं आणि मग डीएनएला चिकटणारी औषधं दिली, तर त्यांचा परिणाम वाढतो, हे त्यांच्या गटानं २०२० मध्ये मांडलं. संघवींच्या संस्थेत आज क्रोमॅटिनवर काम होतं हे वाचताना मला मनापासून आनंद झाला.

या सगळ्यात भारतीय रुग्णाचं स्थान काय होतं? इथं एक गोष्ट ठळक सांगायला हवी. १९८६ मध्ये अँड्रियास कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भारतातलं आणि पूर्व सौदी अरेबियातलं सिकलचं जनुक आफ्रिकेतून आलेलं नाही, ते आशियात स्वतंत्रपणे उद्भवलं. त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या प्रकारात गर्भाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून राहतं. औषधानं जे साधायचं ते या लोकांत निसर्गानं अर्धंमुर्धं करून ठेवलेलं असतं. गर्भाचं हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर आजार सौम्य राहतो, हा जो दाखला साऱ्या औषधशोधामागे होता, त्यातला मोठा भाग सौदी आणि भारतीय रुग्णांनी पुरवला आहे. पण या सौम्यपणाचा एक तोटाही झाला. 'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य बराच काळ दुर्लक्षाला निमित्त पुरवत राहिलं. नागपुरातल्या मुलांनी ते खोटं ठरवलं. तिथं वारंवार क्रायसिस येणारी, रक्त चढवावं लागणारी मुलं कितीतरी होती.

डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशा मुलांना हायड्रॉक्सीयुरिया कमी मात्रेत, दर किलो वजनाला दिवसाला १० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. पाश्चात्त्य देशांत मात्रा वाढवत सोसेल तितकी नेण्याची रीत होती आणि त्यासाठी रक्ताची वारंवार तपासणी लागते. नागपूरची मुलं कमी मात्रेवरही सुधारली. क्रायसिस घटले, रक्त चढवायची वेळ कमी आली. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत डॉ. रोशन कोला आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भारतीय जनुकप्रकारात हे औषध कसं वागतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या दोन कामांचं महत्त्व माझ्या दृष्टीनं बॉस्टन आणि शिकागोच्या शोधांइतकंच आहे. गोळी शोधणं आणि ती महिन्यातून एकदाच रक्त तपासता येईल अशा ठिकाणी सुरक्षित देता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी झाली नसती तर पहिली पाड्यापर्यंत आली नसती.

पाड्यावरची अडचण औषधाच्या किमतीची नाहीच. पावसाळा सरला की डहाणू-तलासरीची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आणि मूल सोबत जातं. भट्टीवरचं ऊन, कमी पाणी आणि जड काम ही तिन्ही क्रायसिसला आमंत्रण देणारी. औषध रोज घ्यावं लागतं आणि महिने-महिने फरक जाणवत नाही, म्हणून ते मधेच सुटतं. सोबत पाणी भरपूर पिणं, फॉलिक आम्लाच्या गोळ्या, ताप आला की लगेच दवाखाना, आणि लग्न जमवताना दोघंही वाहक नाहीत ना हे पाहणं, एवढं सगळं आशाताईंना एका उंबऱ्यावर उभं राहून समजावून सांगायचं असतं. राज्यानं सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून आधी निवडक जिल्ह्यांत सुरू केला आणि नंतर वाढवला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरी त्यात आले. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सतरा राज्यांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं ध्येय.

दरम्यान प्रयोगशाळेत जुन्या कोड्याचं उत्तर आलं. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी बॉस्टनमध्ये बीसीएल११ए हे प्रथिन गर्भाचं जनुक बंद ठेवतं हे सिद्ध केलं. कपाट बंद करणारा हात सापडला. २०१० मध्ये जेम्स ब्रॅडनर आणि बेंजामिन एबर्ट यांच्या गटानं रसायनं एकेक लावून पाहत सांगितलं, की एचडीएसी विकरांपैकी नेमकी पहिली दोन रोखली की गॅमा वाढतं. २०१३ मध्ये ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेनं बीसीएल११ए सोबत कोण कोण काम करतं याची यादी काढली. तिच्यात ॲसिटाइल काढणारी ती दोन विकरं होती आणि मिथाइल ठेवणारं विकरही होतं. म्हणजे शिकागोच्या बबूनांना दिलेलं ॲझासायटिडीन आणि पेरिन यांचं ब्युटिरेट हे एकाच टोळीतल्या दोन वेगळ्या गड्यांना अडवत होते. १९८२ मधल्या वादात दोन्ही बाजूंना जे नीट दिसत नव्हतं ते तीस वर्षांनी असं समोर आलं.

या शोधाची पहिली फळं मात्र गोळीच्या रूपात आली नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या मज्जापेशी बाहेर काढून बीसीएल११ए ज्याच्यामुळे चालू राहतं तो डीएनएचा तुकडा कापतात. परिणाम थक्क करणारा आहे. अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर, आणि त्याआधी रुग्णाची मज्जा केमोथेरपीनं रिकामी करावी लागते. कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात हे कधी पोचेल, याचा विचार करायचीही आज सोय नाही. म्हणून क्रोमॅटिनवर चालणाऱ्या गोळ्यांकडे पुन्हा लक्ष गेलं आहे. योगेन सौंथराराजा यांनी डेसिटाबिन अगदी कमी मात्रेत, ते शरीरात लगेच मोडू नये म्हणून दुसऱ्या औषधाच्या जोडीनं, तोंडानं देण्याची चाचणी केली. २०१७ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की अशा रीतीनं पेशी न मारता मिथाइलचं विकर घटवता येतं. क्रोमॅटिन बंद ठेवणाऱ्या एका प्रथिनसमूहातल्या ईईडी या घटकाला रोखणारं पोसिरेडिर हे दुसरं औषध सिकलसेलसाठी चाचणीत आहे. प्राण्यांतल्या अभ्यासात कर्करोगाची शंका आल्यानं फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेनं ती चाचणी थांबवली आणि ऑगस्टमध्ये अटी घालून पुन्हा चालू करू दिली. १९८३ मध्ये ॲझासायटिडीनसमोर उभा राहिलेला प्रश्न चाळीस वर्षांनी तसाच दारात आहे.

मला वाटतं, या गोळ्या इथं येण्याआधी एक प्रश्न इथल्या डॉक्टरांनीच विचारायला हवा. ज्यांच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन जात्याच जास्त आहे, त्यांना आणखी किती वाढवल्यानं किती क्रायसिस टळतात, आणि तेवढ्यासाठी कुठली जोखीम पत्करणं योग्य? आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आकडे याचं उत्तर देणार नाहीत. हायड्रॉक्सीयुरियाची १० मिलिग्रॅमची मात्रा जशी नागपूरच्या मुलांवर ठरली, तशी नव्या औषधाची मात्रा अरब-भारतीय जनुक असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या भाषेत दिलेली माहिती आणि घेतलेली संमती यांसह, नागपूर, नंदुरबार, वलसाड, पालघर अशा जिल्ह्यांतच ठरवावी लागेल.